चार फुल्यांचा गुणाकार

१

चौथी फुली शिवकन्येच्या गळ्याखाली उठली, आणि दुपार व्हायच्या आत सुभद्राबाईच्या दारावर पहिला दगड पडला.

प्रियंका तेव्हा बसवकल्याणच्या कॉलेजात अकरावीच्या पोरांना गणित शिकवत होती. फोन शेजारच्या शरणम्माचा होता. ती एरवी फोनवर कानडी-मराठीची खिचडी करून तासभर बोलायची. आज एवढंच म्हणाली, "प्रियंका, निघ बाई. मायला घरातून बाहेर काढा म्हणायलेत."

हुलसूरच्या फाट्यावर बसमधून उतरून ती गावात शिरली. हॉटेलासमोर पाच-सहाजण बसले होते. रोज 'काय मॅडम, आज लवकर?' म्हणणारी ही माणसं आज तिला पाहून कपातल्या चहाकडे बघत बसली. कुणी तिला अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं वाटलं असतं, इतकी ती शांतता वाईट होती.

घराचं दार आतून लावलेलं होतं. "माय, मी हाय," म्हटल्यावर कडी निघाली. सुभद्राबाईनं कोंबड्यासुद्धा घरात घेतल्या होत्या. डालग्याखाली त्या कुरकुरत होत्या. सुभद्राबाई म्हणजे पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत बाई. नवरा गेल्यावर गावरान कोंबड्या पाळून तिनं एकुलत्या लेकीला एम.एस्सी. केलं होतं. आता तिच्या पदराचं टोक तिच्याच दातात होतं.

"काय झालं, नीट सांग."

"अप्पारावच्या सुनंला पुन्हा फुली उठली. अन् आज मी कोंबडी घेऊन गेल्ते. दर बारीला मी गेल्ते त्याच दिशी उठती म्हणायलेत. भानामती करती म्हणायलेत मला."

भानामती. या पट्ट्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अंगावर आपोआप उठणाऱ्या काळ्या फुल्या, घरावर पडणारे दगड, आणि मग कुणीतरी एक बाई, बहुतेक वेळा एकटी, जिच्यावर बोट ठेवलं जातं. प्रियंका लहान असताना अशाच एका बाईची गोष्ट ऐकून आठवडाभर झोपली नव्हती. मंत्र म्हणता येऊ नये म्हणून त्या बाईचे पुढचे दात पाडले होते.

"दिवस मावळायच्या आत मारुतीच्या पारावर ये म्हणलेत," सुभद्राबाई म्हणाली. "कबूल कर, न्हाईतर गाव सोड."

प्रियंकानं पोलिसांना फोन लावला. फौजदार लिंगराज बंदोबस्तावर बाहेर होते. 'संध्याकाळपर्यंत पोचतो, तोवर घराबाहेर पडू नका,' असा निरोप मिळाला.

फोन खाली ठेवते तोच तो वाजला. शिवप्रसाद सरांचा मेसेज होता. सर म्हणजे अप्पारावांचे पुतणे; गावात शिकवणी चालवायचे. प्रियंकाला दहावीचं गणित त्यांनीच शिकवलं होतं.

'प्रियंका, मी जादूटोणा मानत नाही. पण हे काम तुझ्या आईचंच आहे, हे मी फळ्यावर सिद्ध करू शकतो. येऊन बघ.'

२

शिकवणीची खोली रिकामी होती. सरांनी पोरांना सुट्टी दिली होती. फळ्यावर आधीच आकडे लिहिलेले होते.

"बैस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यामुळेच प्रियंकाला जास्त धास्ती वाटली. "ही भानामती नाही, हे मलाही कळतं. हा बिब्बा आहे. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला की काळं पडतं, फोड येतो. कुणीतरी शिवकन्येला तो लावतंय. प्रश्न एवढाच आहे, कोण?"

"आणि तुम्ही ठरवलं, माझी माय."

"मी नाही, आकड्यांनी ठरवलं." ते फळ्याकडे वळले. "तुझी आई आमच्या काकांच्या घरी सरासरी आठवड्यातून एकदा येते. म्हणजे कुठलाही एक दिवस उचलला, तर त्या दिवशी ती आलेली असण्याची शक्यता सातात एक. बरोबर?"

"बरोबर."

"पहिली फुली उठली त्या दिवशी ती आली होती. असेल योगायोग. दुसरी उठली तेव्हाही आली होती. दोन्ही वेळा योगायोग असायचा तर सातात एक गुणिले सातात एक. एकोणपन्नासात एक. तिसऱ्या वेळी तीनशे त्रेचाळीसात एक. आणि आज?"

"दोन हजार चारशे एकात एक," प्रियंका म्हणाली.

"तूच सांग, यात चूक कुठं आहे?"

तिनं फळ्याकडे पाहिलं. हे घडलं आणि तेही घडलं आणि तेही घडलं, अशी 'आणि'ची साखळी असली की गुणाकार. गेल्याच आठवड्यात तिनं हेच वर्गात शिकवलं होतं. योगायोग धरून चाललं तर हा आकडा बरोबर होता. आणि चोवीसशेत एक हा योगायोग नव्हता, हेही बरोबर होतं.

"पण ती असं कशाला करेल, सर?"

शिवप्रसादांनी खडू खाली ठेवला. "गेल्या वर्षी काकूनं तिला वेगळ्या कपात चहा दिला, यावरून तू येऊन आमच्या अंगणात बोलली होतीस. 'माझी माय पुन्हा या घरात येणार नाही' म्हणाली होतीस. तरी ती येत राहिली. का येत राहिली, प्रियंका?"

हाच प्रश्न तिनंही मायला विचारला होता, आणि माय नुसतीच हसली होती.

परतताना तिला गल्लीतल्या माणसांची भीती वाटली नाही. तिला पहिल्यांदाच घरी जायची भीती वाटली.

३

"माय, मी एकदाच विचारते. बिब्बा तू लावलास का?"

सुभद्राबाईनं लेकीकडे पाहिलं. मग तिनं पोटरीवरचं लुगडं थोडं वर केलं. तिथे रुपयाएवढा जुना, खरबरीत डाग होता.

"दहा वर्षांची आसताना काटा मोडला म्हणून माझ्या मायनं इथं बिब्बा लावला. लावला तवा काहीच झालं न्हाई, मी खेळायला गेले. दुसऱ्या दिशी सकाळी टरारून फुगलं. बिब्बा तसाच आसतो, प्रियंका. तो लगेच उठत न्हाई. एक रात तरी लागती त्याला."

प्रियंका खाली बसली. "आज तू त्यांच्याकडे किती वाजता गेलीस?"

"सकाळी. दळण टाकून मग गेले. मी जाईस्तोवर फुली उठलेलीच होती. बाया जमल्या होत्या. मला बघून गप झाल्या."

"आधीच्या तिन्ही वेळा?"

"तसंच. मी सकाळीच जाते, ऊन व्हायच्या आत. कोंबडीला ऊन सोसत न्हाई."

बिब्बा आदल्या दिवशी लागला होता. आणि आदल्या दिवशी माय त्या घरात नव्हती. प्रियंकाच्या छातीवरचा दगड निघाला. त्या जागी लाज येऊन बसली. आपण मायला हे विचारलं, ही लाज. तिनं मायचा हात धरला. सुभद्राबाईनं तो सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

पण मग चोवीसशेत एक कसं? मायनं केलं नाही आणि योगायोगही नाही, तर काय?

ती पुटपुटत विचार करू लागली. सरांनी दोनच वाटा धरल्या होत्या: एक तर योगायोग, नाहीतर माय. पण वाटा तेवढ्याच नव्हत्या. मायनं केलं किंवा मायच्या नावावर घालायला दुसऱ्या कुणी केलं किंवा... 'किंवा' आलं की बेरीज करावी लागते. दुसऱ्या वाटांचं वजन मोजायचं सोडून सरांनी ते सगळं मायच्या पारड्यात टाकलं होतं.

"माय, तू उद्या येणार हे त्या घरात कुणाला ठाऊक असतं?"

"सत्यभामाबाईच फोन करती की आदल्या दिशी. 'उद्या एक तलंग कोंबडी घेऊन ये' म्हणती. माझं मी कवा जात न्हाई."

म्हणजे मायचं नाव घालायचं असेल, तर आदल्या दिवशीच ती येणार हे माहीत असणारा माणूस हवा. आणि शिवकन्येच्या अंगापर्यंत पोचणाराही तोच हवा. या 'आणि'तून फार थोडी माणसं पार होत होती. त्यात सगळ्यात आधी शिवकन्येची सासू, सत्यभामाबाई.

उन्हं कलायला लागली होती. फौजदारांनी घराबाहेर पडू नका म्हटलं होतं. प्रियंका उठली, तसा सुभद्राबाईनं तिचा हात आता घट्ट धरला.

"कुठं जायलीस?"

"त्यांच्या घरी."

४

अप्पारावांच्या ओसरीवर शिवप्रसाद सर होते म्हणून तिला कुणी हुसकावलं नाही. अप्पाराव बाजेवर डोळे मिटून बसले होते. अंगणात ट्रकचं ताडपत्रीचं गाठोडं पडलं होतं. त्याच्या पलीकडे हणमंत, त्यांचा मुलगा, तोंड धूत होता. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर तो ट्रक चालवायचा. प्रियंकाला बघून त्यानं पाण्याचा तांब्या जमिनीवर आपटला आणि बाहेर निघून गेला. तांब्या गडगडत तिच्या पायाशी आला. तिनं तो उचलून ओट्यावर ठेवला.

सत्यभामाबाई स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या. साठीची, बारीक अंगाची, सतत कामात असणारी बाई. आज मात्र हात मांडीवर.

"काय विचारायचं ते विचार," त्या म्हणाल्या. "शिवप्रसाद म्हणाला म्हणून बोलायले. न्हाईतर बोलले नसते."

"काकू, तुम्ही मायला कोंबडी आणायला कधी सांगता?"

"कवा म्हणजे? पोरगा यायचा आसला की. हणमंतला गावरान कोंबडी लागती. त्याचा फोन येतो, उद्या पोचतो म्हणून. मी तुझ्या मायला फोन लावते."

"दर वेळी?"

"व्हय. घरात दुसरं कोण खातंय? आमच्या ह्यांना डॉक्टरनं बंद केलंय, सून खात न्हाई."

म्हणजे माय येते तो दिवस हणमंत येतो तोच. गावातल्या कुणाच्याही डोळ्यात हे आलं नव्हतं, कारण घरचा मुलगा घरी येतो यात बघण्यासारखं काय? कोंबडीवाली बाई मात्र बाहेरची.

"हणमंतअण्णा आले आणि फुली उठली नाही, असं कधी झालं?"

सत्यभामाबाईंनी आठवून पाहिलं. "झालं की. गौरी-गणपतीला आल्ता तवा काही झालं न्हाई. घर पाहुण्यांनी भरलं होतं. माझ्या दोन्ही लेकी, त्यांची लेकरं. बायका समद्या माजघरात, गडीमाणसं ओसरीवर. पाहुण्यांत भानामती येत न्हाई म्हणत्यात. अन् एकदा सून माहेराला कोहिनूरला होती, तवा तिथंबी काही न्हाई."

"आणि फुली उठली की काय करता?"

"करायचं काय. हणमंत भेतो. बाहेर ट्रकात झोपतो."

हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज थोडा खाली गेला. त्यांनी प्रियंकाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"मी वहिनींना बघू का?"

आतल्या खोलीत शिवकन्या भिंतीला टेकून बसली होती. चोवीस-पंचवीसची असेल. गळ्याखालची फुली ओली, काळी, कडांना लाल होती. डाव्या दंडावर आणि डाव्या मनगटाच्या वर जुन्या दोन, वाळत आलेल्या. आणखी एक डाव्या मांडीवर आहे, असं बायका सांगत होत्या. पाठीवर एकही नव्हती. उजव्या हातावर एकही नव्हती.

प्रियंकानं पाण्याचा पेला पुढे केला. शिवकन्येनं तो उजव्या हातानं घेतला. तळव्यावर ताजी मेंदी होती, सणवार नसताना काढलेली. पण अंगठ्याच्या नखाच्या कोपऱ्यात मेंदीचा रंग लाल नव्हता. तिथे कातडी काळी पडून सोललेली होती.

५

प्रियंकानं दार लोटलं. दोघींच्यात हातभराचं अंतर होतं.

"वहिनी, पारावर माझ्या मायला बोलावलंय. दिवस मावळायच्या आत."

शिवकन्या पेल्याकडे बघत राहिली.

"फुल्या जिथं तुमचा उजवा हात पोचतो तिथंच आहेत," प्रियंका हळू बोलत होती. "हणमंतअण्णा यायचे असले की उठतात. पाहुणे असले, तुमची झोपायची खोली बदलली, की उठत नाहीत. मी कुणाला सांगितलेलं नाही."

बाहेरून भांड्यांचा आवाज येत होता. मग शिवकन्येनं पेला खाली ठेवला आणि ब्लाउजची उजवी बाही खांद्यापर्यंत ओढली. तिथे फुली नव्हती. तिथे पट्ट्याचे वळ होते, जुने आणि त्याहून जुने, एकावर एक.

"फुलीची आग दोन दिसात निवती," ती म्हणाली. "त्याचं तसं न्हाई. दारू पिऊन येतो. माहेरी सांगितलं. भाऊ म्हणला, सोसून घे, सुधरंल. मग एकदा शेजारच्या गावातल्या बाईला फुल्या उठल्या म्हणून तिचा नवरा तिला शिवंना झाला, आसं ऐकलं. यायचा फोन आला की मी तवाच बिब्बा टोचते. तो येईस्तोवर उठती."

"आणि माझी माय?"

शिवकन्येच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मला कुठं ठाव होतं तिच्यावर घेतील म्हणून. ती एकलीच विचारायची मला, जेवलीस का म्हणून. एकदा वळ बघितले तिनं. काही बोलली न्हाई. पण तवापासून कोंबडी देऊन लगेच जात न्हाई. हणमंत घरात आसला की अंगणात बसून राहती, कायबी काम काढून. ती बसली की त्यो हात उचलत न्हाई."

माय या घरात का येत राहिली, ते प्रियंकाला आता कळलं. वेगळ्या कपातला चहा पीत ती इथे पहारा देत बसायची.

"मी पारावर येऊन सांगते," शिवकन्या म्हणाली. "पण सांगितलं तर त्यो मला जित्ती ठेवायचा न्हाई. तुला ठाव न्हाई त्यो कसा हाय."

प्रियंकाला ठाऊक नव्हतं, पण तांब्या आपटलेला तिनं पाहिला होता. खरं बोललं तर ही मरते. गप्प राहिलं तर माय. आजवर तिनं कितीतरी अवघड गणितं सोडवली होती, पण उत्तर हातात आलं आणि ते लिहिता येत नाही, असं कधी झालं नव्हतं.

"तुम्ही काही बोलू नका," ती शेवटी म्हणाली. "मी तुमचं नाव घेणार नाही."

दार उघडलं तर चौकटीशी सत्यभामाबाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. आणि बाहेरून हणमंतचा आवाज आला, "चला, लोकं जमलेत. त्या बाईला आणायला गेलेत पोरं."

६

पारावर शंभरेक माणसं असतील. सुभद्राबाईला मधोमध उभं केलं होतं. तिच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता, पण भोवतीचं कडं आवळत चाललं होतं. शरणम्मा तेवढी तिच्याजवळ, तिचा पदर धरून उभी होती. एका पोराच्या हातात सांडशी होती. प्रियंकाला ती दिसली. दात पाडल्याची लहानपणची ती गोष्ट खोटी नव्हती तर.

ती गर्दीतून वाट काढत मायपाशी जाऊन उभी राहिली. फौजदारांच्या जीपचा अजून पत्ता नव्हता.

"शिवप्रसाद सर," ती म्हणाली. "तुम्ही दुपारी जो गुणाकार केला, तो इथं सांगा."

सरांनी सांगितला. सातात एक, चार वेळा. लोकांना आकडा कळला नाही, पण 'चोवीसशेत एक' म्हटल्यावर कुजबुज झाली.

"आता मला सांगा, हणमंतअण्णा गावात किती दिवस असतात?"

"आठवड्यातून एखादा."

"पहिली फुली उठली तेव्हा ते आलेले होते का? दुसरी? तिसरी? आज?"

शिवप्रसाद बोटांवर मोजायला लागले आणि थांबले.

"काकूंना विचारा. ते येणार असले की त्या मायला कोंबडी सांगतात. ते नसताना माय कधी जात नाही. मग सातात एक गुणिले सातात एक, हाच गुणाकार हणमंतअण्णांच्या नावानं करा. उत्तर तेच येतं. माझी माय भानामती करते असं त्यावरून ठरत असेल, तर तेही करतात असं ठरतं."

गर्दीतले चेहरे हणमंतकडे वळले. त्याच्या शेजारी उभे असलेले दोघे नकळत बाजूला सरकले. शंभर माणसांनी एकदम आपल्याकडे तसं बघणं म्हणजे काय, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो पांढरा पडला.

"मी? मी काय केलं?"

"तुम्ही केलं असं मी म्हणत नाही," प्रियंका म्हणाली. "माय आणि तुम्ही एकाच दिवशी येता, एवढंच. दोन गोष्टी एकीला धरून दुसरी चालत असतील, तर त्यांना सुट्या समजून दोष देता येत नाही."

शिवप्रसाद खाली बघत उभे होते. मग ते पाराच्या पायरीवर चढले. "माझं चुकलं," ते लोकांना म्हणाले. "योगायोग नाही, इथवर बरोबर होतं. तिथून थेट सुभद्राबाईवर उडी मारली, ती चूक. मधे किती वाटा आहेत ते मी बघितलंच नाही." तो माणूस खोटा नव्हता; हुशारीच्या घाईत होता. त्याला हे बोलायला किती जड गेलं ते प्रियंकाला दिसलं.

पण सांडशीवाला पोरगा मागे हटला नाही. "ते आसू द्या. बिब्बा लावला कुणी? कुणीतरी लावलाच आसंल की."

हाच प्रश्न यायचा होता, आणि याचं उत्तर द्यायचं नव्हतं. प्रियंका गप्प झाली. ती गप्प झाल्याचं लोकांच्या लक्षात आलं. कडं पुन्हा एक पाऊल आत सरकलं. हणमंतची नजर सावकाश मागे, घराच्या दिशेनं वळली. त्याच्या डोक्यात काहीतरी जुळायला लागलं होतं.

"मी लावला."

सत्यभामाबाई बायकांच्या घोळक्यातून पुढे आल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी नीट केला.

"सुनंचं अंग दुखतंय. हातपाय ठणकत्यात तिचे. बिब्बा लावला की ठणका जातो, म्हणून मी लावायचे. आसा फुलीसारखा उठंल मला काय ठाव? समदे भानामती भानामती म्हणायले, मी भेले. बोलले न्हाई. सुभद्राचा यात काही संबंध न्हाई."

"माय, तू?" हणमंत पुढे आला.

"तू तिथंच थांब," त्या म्हणाल्या. आवाज वाढवला नाही. "तिचं अंग कामून दुखतंय, ते इथं सांगू का समद्यांच्या देखत? सांगू?"

तो जागच्या जागी थांबला. अप्पाराव, जे दिवसभर डोळे मिटून होते, त्यांनी मान खाली घातली. त्या माणसालाही भिंतीपलीकडचं ऐकू येत होतं, इतकी वर्षं.

गर्दी सैल झाली. पोरानं सांडशी पाठीमागे लपवली. रस्त्याच्या वळणावर जीपचे दिवे दिसले, तोवर निम्मी माणसं घराकडे लागली होती. फौजदार लिंगराजांनी उतरून कानडीत दोन-चार प्रश्न विचारले, भानामतीच्या नावाखाली कुणाला हात लावला तर आत टाकतो म्हणून बजावलं, आणि सांडशीवाल्याला जीपमध्ये बसवलं. सत्यभामाबाईंचा जबाब त्यांनी जसा दिला तसा लिहून घेतला. मग पेन थांबवून प्रियंकाकडे बघून विचारलं, "खरं आहे?"

प्रियंकानं सत्यभामाबाईंकडे पाहिलं. "त्या सांगतात ते लिहा," ती म्हणाली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रियंका कॉलेजला जायला फाट्यावर आली, तेव्हा सत्यभामाबाई आणि शिवकन्या बसची वाट बघत उभ्या होत्या. दोघींच्या मध्ये एक पत्र्याची पेटी. शिवकन्येच्या गळ्याभोवती ओलं फडकं होतं. हणमंत पहाटेच ट्रक घेऊन गेला होता.

"कोहिनूरला निघालो," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी सवता सोडून येते. हिच्या भावाला मी सांगते काय सांगायचं ते. तो नको म्हणला तर परत आणणार न्हाई. लातूरला माझी भैन हाय, तिच्याकडं ठेवते."

"आणि पोलिसांत?"

"ती ठरवंल. मी आडवी येणार न्हाई." त्या थांबल्या. "माझाच पोरगा हाय तो, प्रियंका. मला त्याचा आवाज ऐकू यायचा अन् मी भांडी घासत बसायचे, जोरात."

प्रियंकानं शिवकन्येच्या हातात एका वकीलबाईंचा नंबर लिहिलेला कागद दिला. शिवकन्येनं तो ब्लाउजात खोचला. ती प्रियंकाचं मनगट दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तिचे हात गार होते. अजून भीती गेलेली नव्हती. प्रियंकाचीही गेली नव्हती. हणमंत कधीतरी परत येणार होता. पण या खेपेला तो येईल तेव्हा घरात ती असणार नव्हती.

बस आली. सत्यभामाबाईंनी पेटी वर चढवली, सुनेला खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी, जाण्यायेण्याच्या बाजूला बसल्या.